अर्ज भरताना लॉगिन मध्येच का तुटते?
जुन्या संगणकावरील लक्षणे, कारणे व उपाय



सातबारा उतारा, पीक विमा, पीएम-किसानची नोंद, महाडीबीटी पोर्टलवरील औजारे व ठिबक संचाचे अर्ज अशी अनेक कामे आता संगणकावरून करावी लागतात. मुळशी तालुक्यात खरीप पीक विम्याची मुदत आणि भाताची लावणी सर्वसाधारणपणे जुलै महिन्यातच येते. दिवसभर चिखलणी-लावणी करून शेतकरी संध्याकाळी घरच्या जुन्या संगणकावर अर्ज भरायला बसतो. निम्मा अर्ज भरून होतो आणि पडद्यावर 'सेशन एक्स्पायर्ड, प्लीज लॉगिन अगेन' अशी सूचना येते. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात. असे तीन-चार वेळा झाले की 'सर्व्हर डाऊन आहे' असे म्हणून संगणक बंद केला जातो. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर त्या हंगामाचे विमा संरक्षण हातचे जाते.

भाताच्या रोपवाटिकेत रोपे पिवळी पडली तर आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी पडले आहे का, लोहाची कमतरता आहे का, की पाणी साचून मुळे गुदमरली आहेत, हे आधी पाहतो. पिवळेपणा तोच असला तरी प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. लॉगिन तुटण्याचेही तसेच आहे. पोर्टलचा दोष, संगणकाचा दोष आणि इंटरनेट जोडणीचा दोष या तिन्हींची सूचना बहुधा एकसारखीच दिसते. म्हणून आधी निदान करावे व मगच उपाय योजावा.

सेशन म्हणजे काय?

संकेतस्थळाचा सर्व्हर मुळात विसराळू असतो. आपण एक पान उघडून दुसऱ्या पानावर गेलो, की आधीचा माणूस तोच आहे हे त्याला आपोआप कळत नाही. यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी 'कुकी' ही सोय काढली. बाजार समितीच्या फाटकावर मिळणाऱ्या गेटपाससारखी ती असते. आपण लॉगिन केले की सर्व्हर स्वतःच्या वहीत एक क्रमांक लिहून ठेवतो आणि तोच क्रमांक कुकीच्या रूपाने आपल्या ब्राउझरकडे देतो. पुढे प्रत्येक पान मागताना ब्राउझर हा पास दाखवतो. या व्यवहाराला सेशन म्हणतात.

हा पास तीन प्रकारे निकामी होऊ शकतो.

१) सर्व्हर आपल्या वहीतून क्रमांक खोडतो.
२) आपल्या संगणकातून पास हरवतो किंवा त्याची मुदत संपली असे संगणकाला वाटते.
३) जोडणीचा मार्ग मध्येच बदलतो आणि सर्व्हर पास ओळखत नाही.

निदानासाठी नोंद

कागद-पेन्सिल घेऊन पुढील तीन गोष्टी लिहाव्यात : लॉगिन केल्याची वेळ, शेवटचे बटण दाबून नवे पान उघडल्याची वेळ आणि सूचना आल्याची वेळ. असे तीन वेळा करावे. वेळ भिंतीवरील घड्याळाची किंवा मोबाईलची घ्यावी, संगणकाची घेऊ नये. नोंदीवरून पुढीलप्रमाणे अंदाज बांधता येतो.

अ) शेवटचे बटण दाबल्यापासून दर वेळी जवळपास तितक्याच मिनिटांनी सेशन संपते : पोर्टलची ठरलेली मर्यादा.
आ) लॉगिन होताच, किंवा पहिल्याच पानावर बाहेर फेकले जाते : संगणकाचे घड्याळ किंवा कुकी.
इ) कधी दोन मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी, असे अनियमितपणे होते : इंटरनेट जोडणी, किंवा तेच खाते दुसरीकडे उघडलेले असणे.
ई) दुसऱ्या खिडकीत जाऊन परत आल्यावर अर्ज कोरा होतो, पण आपले नाव वर दिसत राहते : लॉगिन तुटलेले नाही, मेमरी कमी पडून पान पुन्हा उघडले आहे.

यानंतर तेच खाते मोबाईलवर, त्याच इंटरनेटवर उघडून पाहावे. मोबाईलवर नीट चालते आणि संगणकावर तुटते, तर दोष संगणकात आहे. दोन्हीकडे तुटते, तर पोर्टलकडे किंवा जोडणीकडे पाहावे. मोबाईलवर तपासण्यापूर्वी संगणकावरून लॉगआउट करण्यास विसरू नये.

कारण पहिले : पोर्टलची ठरलेली मर्यादा

काही मिनिटे हालचाल दिसली नाही की सर्व्हर सेशन बंद करतो. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालींमध्ये ही मर्यादा मुळात ठरवलेली असते. पीएचपीमध्ये ती १,४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे, एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटे आणि टॉमकॅटमध्ये ३० मिनिटे असते. पोर्टल चालवणारी संस्था ती कमी-जास्त करू शकते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपण रकान्यात अक्षरे टाइप करतो तेव्हा ती बहुतेक पोर्टलवर आपल्याच संगणकात राहतात. 'सेव्ह' किंवा 'नेक्स्ट' दाबल्यावरच सर्व्हरला कळते की समोर माणूस आहे. म्हणून एकाच लांबलचक पानावर गट क्रमांक शोधत, बँकेचे पासबुक धुंडाळत अर्धा तास गेला तर आपण सतत काम करत असूनही सर्व्हरच्या हिशेबी आपण निष्क्रिय असतो. नवख्या माणसाचे टाइप करणे सावकाश असते, त्यामुळे हा फटका त्यालाच जास्त बसतो.

ही मर्यादा आपल्याला बदलता येत नाही आणि ती असणे आपल्या हिताचेही आहे. सामायिक सुविधा केंद्रातील संगणकावर आपण लॉगआउट न करता उठलो, तर आपला आधार व बँक तपशील पुढच्या माणसाच्या हाती पडू नये म्हणूनच ती ठेवलेली असते. उपाय एवढाच, की पूर्वतयारी करून बसावे आणि प्रत्येक टप्प्यावर 'सेव्ह' करावे.

कारण दुसरे : संगणकाचे चुकलेले घड्याळ

जुन्या संगणकात हे कारण वारंवार आढळते आणि तितकेच वारंवार दुर्लक्षित राहते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढ्या बटण-सेलवर चालते. बहुतेक टेबलावरील संगणकांत हा सेल सीआर २०३२ या क्रमांकाचा व ३ व्होल्टचा असतो. काही वर्षांनी तो उतरतो. मग वीज गेली, किंवा भिंतीवरील बटण बंद केले, की घड्याळ मागे पडते अथवा तारीख थेट कारखान्यात भरलेल्या जुन्या वर्षावर जाते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते अशा गावांत हा दोष अधिक जाणवतो.

घड्याळ मागे असेल तर : प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ओळखीचे प्रमाणपत्र असते. त्यावर सुरुवातीची व शेवटची तारीख असते. संगणक २००९ सालात वावरत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेले नसते. अशा वेळी 'युअर क्लॉक इज बिहाइंड' किंवा 'कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' अशी सूचना येते.

घड्याळ पुढे असेल तर : समजा पोर्टलने सकाळी ११ वाजता दिलेला पास ११.३० पर्यंत चालणारा आहे. संगणकाच्या मते दुपारचे २ वाजले असतील तर तो पास हाती येताच शिळा ठरतो. काही ब्राउझर ही तफावत सांभाळून घेतात. परंतु पोर्टलच्या पानातील वेळमोजणी संगणकाच्या घड्याळावर चालत असेल, तर तेथे गडबड होतेच.

वेळ बरोबर दिसते, पण विभाग चुकीचा असतो : हा प्रकार सर्वांत फसवा आहे. भारताची प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. विंडोज नव्याने भरताना पुष्कळदा अमेरिकेतील 'पॅसिफिक टाइम' हा विभाग तसाच राहून जातो. मग कोणीतरी काटे हाताने फिरवून सकाळचे ११ करतो. पडद्यावर ११ बरोबर दिसतात. पण संगणक समजतो की अमेरिकेत ११ वाजले आहेत, म्हणजे भारतात मध्यरात्र उलटून १२.३० झाले आहेत. अशा प्रकारे तो साडेतेरा तास पुढे धावतो. तेथे उन्हाळी वेळ लागू असताना हा फरक साडेबारा तासांचा असतो.

उपाय :

१) पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील घड्याळावर उजवे बटण दाबून 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' उघडावे.
२) प्रथम टाइम झोन पाहावा. 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ निवडलेली असावी.
३) त्यानंतर तारीख, वर्ष आणि सकाळ-संध्याकाळ हे सर्व तपासावे.
४) शेवटी इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू करावी. चूक १५ तासांपेक्षा अधिक असेल तर विंडोज सहसा ती आपोआप दुरुस्त करत नाही. म्हणून तारीख आधी हाताने बरोबर करून मगच 'सिंक नाऊ' किंवा 'अपडेट नाऊ' दाबावे.
५) सेल उतरला आहे का हे पाहण्यासाठी घड्याळ बरोबर लावून संगणक बंद करावा, प्लग काढून रात्रभर ठेवावा व सकाळी पुन्हा पाहावे. वेळ चुकली असेल तर सेल बदलावा.

सेल स्वस्त असतो. तो बदलताना प्लग काढलेला असावा, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि सेलची अधिक चिन्ह असलेली बाजू आधीच्याच दिशेला ठेवावी. लॅपटॉपमध्ये हा सेल वायर जोडलेला असू शकतो. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

कारण तिसरे : कुकी पुसली जाणे

संगणक हळू चालतो म्हणून अनेकजण सफाई करणारे सॉफ्टवेअर भरतात. ते ठरावीक वेळाने कचऱ्याबरोबर कुकीही पुसते आणि चालू सेशनचा पास त्यात जातो. अर्ज भरताना असे सॉफ्टवेअर बंद ठेवावे. ब्राउझरच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' विभागात कुकी पूर्णपणे अडवलेल्या नाहीत हेही पाहावे.

जुनी, बिघडलेली कुकी साठून राहिल्यानेही लॉगिन होताच बाहेर फेकले जाते. अशा वेळी फक्त त्याच पोर्टलच्या कुकी पुसाव्यात, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा व नव्याने लॉगिन करावे. सर्वच कुकी पुसल्यास इतर सर्व ठिकाणची लॉगिनही जातात. जतन केलेल्या खुणेऐवजी पोर्टलच्या मुख्य पानापासून सुरुवात करावी. जुन्या खुणेत संपलेल्या सेशनचा पत्ता असू शकतो.

कारण चौथे : अपुरी मेमरी

२ जीबी मेमरीच्या संगणकावर आठ-दहा पाने एकाच वेळी उघडली की तो गुदमरतो. क्रोमसारखे ब्राउझर मेमरी वाचवण्यासाठी मागची पाने झोपवतात. आपण परत आलो की पान नव्याने उघडते आणि भरलेला मजकूर जातो. अर्ज भरताना त्या पोर्टलचे एकच पान उघडे असावे. गाणी, व्हिडिओ, इतर सॉफ्टवेअर बंद करावीत. 'मेमरी सेव्हर' सोय असल्यास पोर्टलचे नाव तिच्यातून वगळावे. मदरबोर्डवर जागा असेल तर मेमरी ४ जीबीपर्यंत वाढवणे हा नवीन संगणक घेण्यापेक्षा बराच स्वस्त उपाय आहे.

कारण पाचवे : जुनी प्रणाली व जुना ब्राउझर

विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही, तर फायरफॉक्सची ११५ ही शेवटची आवृत्ती चालते. पोर्टल नवे आणि ब्राउझर जुना, अशी जोडी जमत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या कित्येक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळेही उघडेनाशी झाली होती.

विंडोज ७ असल्यास प्रथम फायरफॉक्सची ती शेवटची आवृत्ती भरून पाहावी. ६४ बिटचा प्रोसेसर व ४ जीबी मेमरी असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली भरता येते. मात्र आधी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरत असाल, तर ते नव्या प्रणालीवर चालते का याची खात्री करूनच बदल करावा.

कारण सहावे : जोडणीची धरसोड

डोंगराआडच्या वाड्यांवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून संगणक चालवला जातो. रेंज कमी-जास्त होऊन जोडणी तुटली आणि पुन्हा लागली की इंटरनेटवरील आपला पत्ता बदलू शकतो. काही पोर्टल सुरक्षेसाठी पास व पत्ता यांची सांगड घालतात. पत्ता बदलला की ती सेशन तोडतात. म्हणून अर्ज भरताना फोन खिडकीशी एका जागी ठेवावा, सिम आपोआप बदलण्याची सोय बंद करावी आणि मध्येच वायफायवरून हॉटस्पॉटवर जाऊ नये.

कागदपत्रांचे फोटो लहान करून ठेवावेत. सेकंदाला २५६ किलोबिट इतका वेग मिळत असेल तर ४ एमबीचा फोटो चढायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोच २०० केबीचा केल्यास सहा-सात सेकंदांत चढतो. किती आकार चालतो हे पोर्टलवर दिलेले असते.

एकच खाते दोन ठिकाणी उघडणे हेही एक कारण आहे. वडील गावी अर्ज भरत असतात आणि हिंजवडीत कामाला असलेला मुलगा 'अर्ज झाला का' हे पाहण्यासाठी त्याच खात्यात शिरतो. काही पोर्टल नवे लॉगिन येताच जुने बंद करतात. अर्ज कोण भरणार हे घरात आधी ठरवून घ्यावे.

उपाययोजनेचा क्रम

शेतावर चाचणी घेताना आपण एका वाफ्यात एकच बदल करतो. खत, वाण व लावणीचे अंतर तिन्ही एकदम बदलले तर उत्पादन कशाने वाढले ते कळत नाही. येथेही एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा नोंद घ्यावी व फरक पाहावा. क्रम असा ठेवावा : (१) टाइम झोन, तारीख व वेळ, (२) त्या पोर्टलच्या कुकी पुसून नवे लॉगिन, (३) इतर पाने व सफाईचे सॉफ्टवेअर बंद, (४) दुसरा ब्राउझर, (५) दुसरी जोडणी, (६) दुसरे यंत्र. पहिल्या तीन पायऱ्यांना खर्च नाही आणि अर्ध्या तासात त्या होतात. सहाही पायऱ्यांनंतर दोष तसाच राहिला तर तो पोर्टलचा समजावा व सूचनेचा फोटो, तारीख आणि वेळ जोडून पोर्टलच्या मदतकक्षाकडे तक्रार करावी.

अर्जाला बसण्यापूर्वी

१) सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार व शेतकरी ओळख क्रमांक जवळ ठेवावेत.
२) गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक व बँकेचा आयएफएससी कोड नोटपॅडमध्ये आधी लिहून तेथून उतरवावा. काम झाल्यावर ती फाईल पुसावी.
३) ओटीपी येणारा फोन चार्ज केलेला व रेंजमध्ये असावा.
४) मुदतीच्या किमान आठ दिवस आधी अर्ज भरावा. शेवटच्या दिवशी पोर्टलवरील गर्दीमुळे चांगला संगणकही अडखळतो.
५) सादर केल्यावर अर्ज क्रमांक वहीत लिहावा व पावती जतन करावी.

दक्षता

प्रमाणपत्राची सूचना आली असता 'तरीही पुढे जा' असे बटण दाबून आधार किंवा बँकेचा तपशील भरू नये. आधी घड्याळ व संकेतस्थळाचा पत्ता तपासावा. सेशन वाढवून देतो असे सांगणारे अनोळखी सॉफ्टवेअर भरू नये. फोनवरून कोणी 'लॉगिन दुरुस्त करतो, ओटीपी सांगा' म्हणाल्यास सांगू नये. पैसे भरताना सेशन तुटल्यास लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. प्रथम बँकेचा संदेश व पोर्टलवरील अर्जाची स्थिती पाहावी, व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा आणि मगच पुढचे पाऊल उचलावे.

पेरणीपूर्वी आपण पाभर, फण व बियाणे तपासतो. तसाच जून लागताच अर्धा तास काढून संगणकाचे घड्याळ, सेल व ब्राउझर तपासून ठेवावा. इतकी तयारी असल्यास लावणीच्या ऐन धांदलीतही विम्याचा अर्ज एका बैठकीत पूर्ण करता येतो.